उड्डाण-नियंत्रणात बिघाडाचा इशारा वारंवार येतो, पण बिघाड सापडत नाही : मर्यादा वाढवण्याआधी काय तपासावे

लक्षण असे असते. विमान आपल्या लांबीच्या अक्षाभोवती किती वेगाने फिरत आहे, म्हणजे त्याचा रोल-दर किती आहे, हे एक जायरो मोजतो. तोच दर इतर सेन्सरांवरून गणितानेही काढता येतो. या दोहोंतील फरकाला रेसिड्युअल म्हणतात, आणि त्याने ठरलेली मर्यादा ओलांडली की नियंत्रण संगणकातील देखरेख-प्रणाली ‘सेन्सर निकामी’ असा इशारा देते. विमान उतरल्यावर जायरो काढून बाकावर तपासला जातो आणि निर्दोष निघतो. नवा जायरो बसवला, तरी पुढच्या उड्डाणात तशाच एखाद्या जोरदार वळणात तोच इशारा पुन्हा येतो. मग कंटाळून मर्यादा वाढवली जाते आणि इशारे थांबतात. पुढे चाचणीसाठी मुद्दाम घातलेला, हळूहळू वाढणारा दोषही या प्रणालीला दिसत नाही, तेव्हा नेमके काय गमावले हे कळते.

ज्या इशाऱ्याची वेळ आधी सांगता येते तो योगायोगाने आलेला नसतो. यादृच्छिक गोंगाटामुळे येणारा खोटा इशारा सरळ उड्डाणातही येईल आणि वळणातही येईल. एकाच प्रकारच्या हालचालीत परत परत येणारा इशारा मात्र आपल्या गणिती प्रतिमानात काहीतरी चुकले आहे असे सांगत असतो. मर्यादा वाढवून हे सांगणे बंद होते, चूक तशीच राहते. म्हणून या दुरुस्तीत मर्यादेला सर्वांत शेवटी हात लावावा.

एवढ्या गणिताची गरज का पडते, हे समजण्यासाठी ‘नासा’च्या एफ-८ विमानाचे उदाहरण उपयोगी आहे. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावरून २५ मे १९७२ रोजी हे विमान संगणकीय फ्लाय-बाय-वायर नियंत्रणावर उडाले, आणि त्यात वैमानिकाची दांडी व नियंत्रण-पृष्ठे यांना जोडणारा यांत्रिक दुवा उरलेला नव्हता. अशा विमानात प्रत्येक सेन्सर तिप्पट किंवा चौपट बसवून बहुमत घेणे हा सरळ मार्ग आहे, पण त्यात वजन, खर्च आणि देखभाल वाढते. दोनच सेन्सर ठेवले, तर ते एकमेकांशी जुळत नाहीत एवढेच कळते, कोणता खोटा हे कळत नाही. डेकर्ट, देसाई, डेस्ट आणि विल्स्की यांनी १९७७ साली एफ-८ साठी मांडलेल्या पद्धतीत हा निवाडा वेगळ्या जातीच्या सेन्सरांमधील गणिती नात्यांवर सोपवला होता. जायरोने मोजलेल्या दराची बेरीज करत गेले, तर ती विमानाच्या मोजलेल्या कलाशी जुळली पाहिजे, हे असे एक नाते. निर्णयासाठी त्यांनी संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांची क्रमिक संभाव्यता-गुणोत्तर चाचणी वापरली; तीत प्रत्येक नमुन्याचा पुरावा एका बेरजेत साठवत जातात आणि ती पुरेशी वर किंवा खाली गेली की निर्णय देतात. (दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही चाचणी घडवणारे वाल्ड भारतात व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात मरण पावले.)

आधी मर्यादेचे अंकगणित

प्रमाण विचलनाच्या तिपटीवर, म्हणजे तीन सिग्मावर, मर्यादा ठेवण्याची सवय कारखान्यातील गुणवत्ता-तक्त्यांमधून आलेली आहे. तिथे तासाला एखाददुसरा नमुना घेतला जातो, तर उड्डाण-नियंत्रणात सेकंदाला पन्नास नमुने येणे ही साधी गोष्ट आहे. रेसिड्युअल प्रसामान्य वितरणाचे आहे असे मानले, तर एका नमुन्याने तीन सिग्मा ओलांडण्याची संभाव्यता ०.००२७ असते. तासाला १,८०,००० नमुने येत असतील, तर सगळे सेन्सर ठणठणीत असतानाही तासाला सुमारे ४८६ वेळा मर्यादा ओलांडली जाईल. चार सिग्मावर हा आकडा तासाला अकराच्या आसपास येतो, आणि पाच सिग्मावर सरासरी दहा तासांत एक. त्यामुळे ‘किती सिग्मा’ हा प्रश्नच अपुरा आहे. किती उड्डाण-तासांमागे एक खोटा इशारा चालेल हे आधी ठरवावे आणि तिथून मागे येत मर्यादा काढावी.

हे अंकगणित करून पाहिल्यावर इशाऱ्यांची प्रत्यक्ष संख्या अपेक्षेशी जुळली आणि ते उड्डाणभर विखुरलेले दिसले, तर अडचण खरोखरच मर्यादेची आहे व प्रश्न तिथेच सुटतो. वर सांगितलेल्या लक्षणात मात्र तसे नसते, कारण इशारे गुच्छाने आणि वळणातच येतात.

रेसिड्युअल खरोखर गोंगाट आहे का

रेसिड्युअल कालमन फिल्टरमधून, म्हणजे प्रतिमानाचा अंदाज आणि नवे मापन यांचा मेळ घालत पुढची किंमत सांगणाऱ्या गणितातून, येत असेल, तर फिल्टरचे प्रतिमान बरोबर असताना त्याची सरासरी शून्य असली पाहिजे, त्याचे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) फिल्टरने स्वतः सांगितलेल्या प्रचरणाएवढे असले पाहिजे आणि एका क्षणाच्या किमतीचा पुढच्या क्षणाच्या किमतीशी संबंध नसला पाहिजे. तिन्ही गोष्टी नोंदलेल्या उड्डाणावरून तपासता येतात.

प्रचरणासाठी प्रत्येक क्षणी रेसिड्युअलचा वर्ग फिल्टरच्या प्रचरणाने भागून घ्यावा. मापने तीन असतील, तर या राशीची सरासरी तीन यायला हवी, आणि शंभर स्वतंत्र नमुन्यांवर घेतलेली सरासरी पंचाण्णव टक्के वेळा साधारण २.५ ते ३.५ या पट्ट्यात राहायला हवी. ही तपासणी संपूर्ण उड्डाणावर एकदम करू नये. सरळ उड्डाण, वळण, चढण आणि खवळलेली हवा असे तुकडे पाडून प्रत्येकाची सरासरी वेगळी काढावी. सरळ उड्डाणात २.९ आणि वळणात ४० असे काही दिसले, तर शोध निम्मा झाला असे समजावे.

स्वसहसंबंधासाठी रेसिड्युअलची मालिका एक, दोन, तीन नमुने मागे सरकवून तिचा स्वतःशीच सहसंबंध काढावा. २,००० नमुन्यांच्या मालिकेत तो ०.०४४ च्या आत राहणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात अनेकदा ०.८ किंवा ०.९ दिसतो, आणि फिल्टर चालू आहे, आकडे बाहेर पडत आहेत, म्हणून त्याकडे कोणी पाहिलेलेही नसते.

रेसिड्युअल कशाच्या मागे धावतो आहे

या तपासणीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे माझे मत आहे. आडव्या अक्षावर एकेक उड्डाण-राशी आणि उभ्या अक्षावर वळणातला रेसिड्युअल असा आलेख मांडून पाहावा. तो रोल-दराच्या प्रमाणात वाढतो का, रोल-दर बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो का, की दुसऱ्याच अक्षावरील दराच्या प्रमाणात? प्रत्येक नाते वेगळ्या दोषाकडे बोट दाखवते आणि सरळ रेषा बसवली की तिचा उतार त्या दोषाचे माप देतो.

रेसिड्युअल दर बदलण्याच्या वेगाशी, म्हणजे कोनीय त्वरणाशी बांधलेला असेल, तर दोष वेळेचा आहे. हाच दोष सर्वांत जास्त वेळा निघतो आणि सर्वांत उशिरा सुचतो. दोन मापने एकाच क्षणाची आहेत असे गणित मानत असते. प्रत्यक्षात एक मापन डेटा-बसवर, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या सामायिक माहिती-वाहिनीवर, एक चक्र थांबून येते, किंवा त्याच्या मार्गात गोंगाट गाळणारा एखादा फिल्टर असतो. दहा हर्ट्‌झचा अगदी साधा, पहिल्या कोटीचा फिल्टर सुमारे १६ मिलिसेकंदांचा उशीर घालतो, आणि पन्नास हर्ट्‌झवर एक चक्र म्हणजे २० मिलिसेकंद. लढाऊ विमानाचा रोल-दर सेकंदाला १०० अंश प्रतिसेकंद या गतीने बदलत असेल, तर २० मिलिसेकंदांच्या उशिरामुळे २ अंश प्रतिसेकंदांचा रेसिड्युअल उभा राहतो. जायरोच्या गोंगाटाचे प्रमाण विचलन ०.१ अंश प्रतिसेकंद असेल, तर हे वीस सिग्मा झाले. सरळ उड्डाणात कोनीय त्वरण नसतेच, त्यामुळे तिथे सगळे शांत राहते, आणि बाकावर जायरो निर्दोष निघतो, कारण तो निर्दोषच असतो.

या आलेखावरील रेषेचा उतार थेट सेकंदांत येतो. रेसिड्युअल म्हणजे मोजलेली किंमत वजा अपेक्षित किंमत असे धरले असेल, तर उणे उतार जायरोचे मापन उशिरा येत असल्याचे दाखवतो आणि धन उतार अपेक्षित किंमत उशिरा तयार होत असल्याचे. उपाय म्हणजे लवकर येणारे मापन तेवढेच मागे धरून ठेवणे, किंवा एका मार्गात जो फिल्टर आहे तोच दुसऱ्या मार्गातही घालणे. डावीकडच्या व उजवीकडच्या वळणांतून उतार वेगवेगळे काढून ते जुळतात का हेही पाहावे; जुळत नसतील, तर दोष निव्वळ उशिराचा नाही.

रेसिड्युअल खुद्द रोल-दराच्या प्रमाणात वाढत असेल, तर जायरोच्या मापपट्टीत फरक आहे. एक टक्का फरक असला, तरी १०० अंश प्रतिसेकंदांच्या रोलमध्ये तो एक अंश प्रतिसेकंद होतो. रोल चालू असताना भलत्याच अक्षावरचा, उदाहरणार्थ नाक डावी-उजवीकडे वळण्याचा दर मोजणारा, जायरो ओरडत असेल, तर तो तिरका बसवला आहे का ते पाहावे. एका अंशाचा तिरकेपणा त्याच रोलमधून १.७५ अंश प्रतिसेकंद दुसऱ्या अक्षात ओततो. त्वरणमापकाच्या बाबतीत चौथी शक्यता असते. तो विमानाच्या गुरुत्वमध्यापासून दूर बसलेला असतो आणि ते अंतर गणितात धरलेले नसते, किंवा इंधन संपत जाते तसे बदलते. दोन मीटरचे अंतर आणि ०.५ रेडियन प्रतिसेकंद-वर्ग एवढे कोनीय त्वरण असेल, तर त्वरणमापकावर एक मीटर प्रतिसेकंद-वर्ग, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाचा जवळपास दहावा भाग, उगाच दिसतो.

यांतले काहीच बसले नाही, तर अपेक्षित किंमत कोणत्या नात्यातून काढली आहे तिकडे वळावे. दर, कल आणि उंची यांना जोडणारी शुद्ध गतीची नाती विमानाच्या वायुगतिकीय गुणांकांवर अवलंबून नसतात, म्हणून ती भरवशाची असतात. बल आणि त्वरण यांना जोडणारी नाती त्या गुणांकांवर उभी असतात, आणि ध्वनिवेगाच्या आसपास किंवा मोठ्या अँगल ऑफ अटॅकला (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोनाला) ते गुणांक तक्त्यापेक्षा बरेच वेगळे निघू शकतात. निवड करता येत असेल, तर पहिल्या जातीचे नाते घ्यावे. इलाज नसेल तेव्हाच मर्यादा हालचालीच्या जोरानुसार वरखाली करण्याचा मार्ग धरावा, आणि तोही वरचे दोष काढून झाल्यावर, कारण अशी लवचिक मर्यादा नेमक्या जोरदार वळणात, म्हणजे सेन्सरच्या चुकीची किंमत सर्वांत जास्त असते तेव्हा, सर्वांत उंच असते.

आता चाचणी बदलता येते

प्रतिमानातील चूक निघाली की एकेका नमुन्यावर निर्णय घेण्याऐवजी पुरावा साठवणारी चाचणी लावावी. पेज यांनी १९५४ साली मांडलेली क्युसम पद्धत यासाठी पुरेशी आहे. प्रत्येक नमुन्यावर सिग्माने भागलेला रेसिड्युअल घ्यायचा, त्यातून एक ठरावीक सूट वजा करायची, उरलेले आधीच्या बेरजेत मिळवायचे आणि बेरीज शून्याखाली गेली तर तिला शून्यावर आणायचे. बेरीज मर्यादेपलीकडे गेली की इशारा. धन आणि ऋण बाजूंसाठी दोन वेगळ्या बेरजा ठेवाव्या लागतात. वाल्ड यांची चाचणी सतत देखरेखीला जशीच्या तशी लावली, तर निर्दोष तासांमध्ये तिची बेरीज इतकी खाली जाते की दोष आल्यावर तिला आधी वर यावे लागते आणि त्यात मोलाचा वेळ जातो. शून्यावर थांबवण्याची युक्ती हीच अडचण दूर करते.

एक सिग्माएवढा दोष पकडायचा असेल, तर सूट अर्धा सिग्मा ठेवतात. मर्यादा १० ठेवली, तर पन्नास हर्ट्‌झवर दोष सरासरी ०.४ सेकंदात पकडला जातो, पण दोन्ही बाजू धरून साधारण तेवीस मिनिटांनी एक खोटा इशाराही येतो. तीच मर्यादा २० केली, तर पकडण्याचा वेळ ०.८ सेकंद होतो आणि दोन खोट्या इशाऱ्यांमधील अंतर आठ हजार तासांच्या वर जाते. उशीर सरळ रेषेत वाढतो आणि खोट्या इशाऱ्यांमधील अंतर घातांकी वाढते, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे.

हे आकडे रेसिड्युअल एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरे. शेजारच्या नमुन्यांमध्ये ०.९ चा सहसंबंध उरला असेल, तर दीर्घ बेरजेचे प्रचरण (१ + ०.९) भागिले (१ – ०.९), म्हणजे १९ पट होते आणि प्रभावी सिग्मा चौपटीहून जास्त. कागदावर आठ हजार तास असलेले अंतर मग काही मिनिटांवर येऊ शकते. अशा वेळी रेसिड्युअलमधून आधीच्या किमतीचा ०.९ पट भाग वजा करून नवी मालिका बनवावी आणि क्युसम तिच्यावर चालवावी. मात्र या वजाबाकीत कायमस्वरूपी दोषाची उंचीही दहापट कमी होते, याचा हिशेब सूट ठरवताना करावा. त्याऐवजी नमुने विरळ करणे हा साधा पर्याय आहे आणि पुष्कळदा तो पुरतो.

उलटा दोष : इशारा हवा तेव्हा येत नाही

मर्यादा योग्य असूनही हळू वाढणारा दोष निसटत असेल, तर बहुधा फिल्टरने तो गिळलेला असतो. सेन्सर सरकू लागला की फिल्टर आपला अंदाज त्याच्याकडे सरकवतो, रेसिड्युअल क्षणभर उठतो आणि पुन्हा बसतो. ज्या सेन्सरची परीक्षा घ्यायची त्याच्याच मापनातून अपेक्षित किंमत बनत असेल, तर हे होणारच. उपाय म्हणजे त्या सेन्सरला वगळून चालणारा दुसरा फिल्टर ठेवणे, किंवा विल्स्की आणि जोन्स यांनी १९७६ साली मांडलेल्या सामान्यीकृत शक्यता-गुणोत्तर पद्धतीप्रमाणे दोष आल्यावर रेसिड्युअल कोणत्या आकाराने उठतो आणि बसतो हे आधीच काढून ठेवून तो आकार शोधणे. नियंत्रणाच्या बंद वर्तुळातही असेच घडते. एखादा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे नियंत्रण-पृष्ठ हलवणारे यंत्र, कमी जोर लावू लागला, तर नियंत्रक आज्ञा वाढवून भरपाई करतो आणि विमानाच्या हालचालीत काहीच दिसत नाही. म्हणून अ‍ॅक्च्युएटरची तपासणी त्याच्या आज्ञेची व प्रत्यक्ष स्थितीची तुलना करून जागच्या जागी करावी. एअरबसने ए३८० मध्ये नियंत्रण-पृष्ठाच्या आपोआप होणाऱ्या कंपनासाठी असेच केले आहे. अ‍ॅक्च्युएटरच्या प्रतिमानावरून रेसिड्युअल काढून तो धन व ऋण मर्यादा आलटून-पालटून किती वेळा ओलांडतो हे मोजले जाते.

इशारे आवरण्यासाठी घातलेले ‘इतका वेळ सलग ओलांडली तरच’ असे नियम स्वतंत्रपणे तपासावेत. ७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला जाणाऱ्या क्वांटासच्या ए३३० विमानात एका एककाने अँगल ऑफ अटॅकची चुकीची, क्षणभर टिकणारी टोके पाठवली. असे टोक दिसले की संगणक आधीची किंमत १.२ सेकंद धरून ठेवत असे, आणि दुसरे टोक नेमके त्या अवधीच्या शेवटी आले की ते गाळणीतून सुटून आत येत असे. विमानाने दोनदा अचानक नाक खाली घातले आणि शंभराहून अधिक लोक जखमी झाले. टोकांची मालिका वेगवेगळ्या अंतरांनी कृत्रिमरीत्या घालून, विशेषतः नियमातील अवधीच्या अलीकडे-पलीकडे, चाचणी घेतल्याशिवाय असा नियम विमानात जाऊ नये.

बहुमतही असेच फसते. २७ नोव्हेंबर २००८ रोजी पर्पिन्याँजवळ समुद्रात कोसळलेल्या ए३२० विमानाच्या बाबतीत आधीच्या धुलाईत पाणी शिरून अँगल ऑफ अटॅकचे दोन सेन्सर उड्डाणात गोठले होते. दोघे जवळपास एकाच कोनावर अडकल्यामुळे एकमेकांशी जुळत राहिले आणि तिसरा, हलणारा सेन्सर गणिताला एकटा पडलेला दिसला. अडकलेल्या सेन्सरची सांख्यिकीय खूण सोपी असते, कारण त्याचे प्रचरण जवळपास शून्य होते. तरीही बहुतेक प्रणाली प्रचरणाची वरची मर्यादाच तपासतात. खालची मर्यादाही लावावी, आणि विमान हलत असताना जो सेन्सर गोंगाटाएवढाही हलत नाही त्याला मतदानातून बाहेर ठेवावे. २९ ऑक्टोबर २०१८ च्या लायन एअरच्या ७३७ मॅक्स अपघातात मात्र एवढ्या सूक्ष्म गणिताचीही गरज नव्हती. डावा सेन्सर सुमारे २१ अंशांनी चुकत होता आणि एमकॅस ही विमानाचे नाक आपोआप खाली नेणारी यंत्रणा एका वेळी एकाच सेन्सरवर विसंबून होती. उजव्याशी साधी तुलना केली असती, तरी विसंगती दिसली असती.

सगळे बदल झाल्यावर नोंदलेल्या निर्दोष उड्डाणांवर कृत्रिम दोष घालून चाचणी घ्यावी. दोष अचानक आलेला, हळू चढणारा, अडकलेला, टोकांचा आणि कंपनाचा असा प्रत्येक प्रकारचा असावा, आणि तो सरळ उड्डाणात, वळणात व खवळलेल्या हवेत वेगवेगळा घालावा. ज्या उड्डाणांवरून सिग्मा आणि उशीर काढले तीच उड्डाणे या चाचणीला वापरू नयेत. पुढे डेटा-बसचे वेळापत्रक किंवा एखाद्या मार्गातील फिल्टर बदलला, तर उताराचा आलेख पुन्हा काढावा. जायरो बदलला, तर मापपट्टीचा आणि तिरकेपणाचा आलेख पुरेसा आहे.